‘रणजीपुरता’ खेळाडू

क्रिकेटच्या गप्पांमध्ये आपल्याकडे एक शेरा फार सहज मारला जातो : ‘तो रणजीपुरताच होता.’ बोलणाऱ्याचा सूर कधी हेटाळणीचा असतो, कधी हळहळीचा. हेटाळणी करणारा म्हणतो, अंगात खरे पाणी असते तर भारताकडून खेळला असता. हळहळणारा म्हणतो, बिचाऱ्यावर अन्याय झाला. दोघे एकमेकांना विरोध करत आहेत असे वाटते खरे, पण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच असते आणि ती म्हणजे भारताची टोपी. टोपी मिळाली नाही म्हणून एक जण खेळाडूला नापास ठरवतो आणि दुसरा त्याच कारणासाठी त्याला शोकांतिकेचा नायक करतो. त्याने पंधरा-वीस वर्षे मैदानावर काय केले, याकडे दोघांचेही लक्ष नसते. या लेखाचे म्हणणे असे की, प्रथम श्रेणीचे क्रिकेट दीर्घकाळ खेळणे ही स्वतःच एक पुरी कारकीर्द आहे आणि खानदेशासारख्या प्रदेशाने आपल्या क्रिकेटचा हिशेब अशा किती कारकिर्दी घडल्या यावर मांडायला हवा. ‘आपला एक तरी पोरगा टीव्हीवर दिसला पाहिजे’ ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिने आपले नुकसानच केले आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघाले की वाटेत मालेगाव लागते. आज ते नाशिक जिल्ह्यात असले तरी १८६९ साली नाशिक जिल्हा होण्यापूर्वी ते खानदेशातच मोडत होते आणि अहिराणीचा पट्टा आजही जिल्ह्याची हद्द मानत नाही. या मालेगावात जन्मलेल्या धीरज जाधवने महाराष्ट्राचा सलामीवीर म्हणून २००३-०४ च्या रणजी हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या. एका हंगामात हजार धावा म्हणजे काय, हे ज्याने डिसेंबरच्या सकाळी दवाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर नवा चेंडू खेळला आहे त्यालाच नीट कळेल. पुढच्याच वर्षी तो भारत ‘अ’ संघातून केनियात खेळला. त्या संघात गौतम गंभीर होता आणि महेंद्रसिंग धोनीही. त्या दौऱ्यानंतर काही महिन्यांतच गंभीर भारताच्या कसोटी संघात आणि धोनी एकदिवसीय संघात पोहोचला. जाधव प्रथम श्रेणीतच राहिला आणि पुढे आसामकडूनही खेळला. आज खानदेशातल्या किती क्रिकेटवेड्या मुलांना हे नाव ठाऊक आहे? धोनीचे शेवटचे षटकार कोणाला मारलेले होते हे तोंडपाठ असणारी पिढी, त्याच दौऱ्यात असलेल्या आपल्या भागातल्या सलामीवीराबद्दल अनभिज्ञ असते. याला केवळ विस्मरण म्हणून सोडून देता येत नाही. ही आपली मोजपट्टीच चुकल्याची खूण आहे.

हा प्रकार आजचा नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या. तेव्हा ब्रॅडमनचा नाबाद ४५२ हा विक्रम मोडायला निंबाळकरांना दहाच धावा हव्या होत्या, पण काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि संघाने मैदान सोडले. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. ही गोष्ट अनेकांना माहीत असते, कारण तिच्यात नाट्य आहे. पण निंबाळकरांची कारकीर्द त्या एका डावात संपत नाही. ऐंशी सामने, ४८४१ धावा, ४८ च्या आसपास सरासरी, १२ शतके, शिवाय ५८ बळी. आणि महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून चाळिशी ओलांडेपर्यंतचा खेळ. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी खेळला नाही. निंबाळकरांची ती सोळा ते सव्वीस ही वर्षे होती. त्यानंतरही त्यांना कसोटी संघात घेतले गेले नाही. म्हणजे ज्याला आपण ‘प्रसिद्ध’ रणजीपटू म्हणतो, त्याचेही आपल्याला एकच टिपण आठवते आणि तेही ‘विक्रम हुकला, टोपी हुकली’ या दुहेरी हळहळीसह. चारशे त्रेचाळीस धावांभोवतीची पंचवीस वर्षे आपण कोरीच सोडली आहेत.

यावर पहिला आणि सर्वांत सरळ आक्षेप असा येईल : निवड गुणवत्तेवर होते. जे वर गेले ते चांगले होते, जे राहिले ते कुठे ना कुठे कमी पडले. यात भावनेला जागा कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. प्रथम श्रेणीत खोऱ्याने धावा काढणारे काही फलंदाज वरच्या दर्जाच्या वेगवान गोलंदाजीपुढे उभे राहू शकले नसते, हे मान्यच केले पाहिजे. पण उरलेला अर्धा भाग आकड्यांपुढे टिकत नाही. १९३२ पासून २०२५ पर्यंत भारताकडून कसोटी खेळलेल्या पुरुषांची संख्या सव्वातीनशेच्या आत आहे. आज रणजी स्पर्धेत ३८ संघ आहेत. म्हणजे एका फेरीत चारशेहून अधिक जण मैदानात उतरतात, नव्वदहून अधिक वर्षांत जेवढ्यांना कसोटी खेळायला मिळाली त्याहून जास्त. अशा ठिकाणी निवड गुणवत्तेवर होत असली तरी गुणवत्तेशिवाय आणखी कितीतरी गोष्टींवरही होते : त्या वर्षी कोणती जागा रिकामी आहे, आधीचा माणूस कधी निवृत्त होतो, संघाचा समतोल काय मागतो. पुण्याच्या सुरेंद्र भावे यांचे पाहा. ९७ प्रथम श्रेणी सामन्यांत ७९७१ धावा, सरासरी ५८ च्या वर, शतके २८. भारताकडून कसोटी एकही नाही. सलामीच्या फलंदाजाने याहून अधिक काय करायचे असते? पण भाव्यांच्या ऐन भराच्या काळात भारतीय संघ एक जादा गोलंदाज बसवण्यासाठी मनोज प्रभाकरला डावाच्या सुरुवातीला पाठवत होता. १९९६ मध्ये यष्टिरक्षक नयन मोंगियाने सलामीला येऊन दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५२ धावा केल्या. व्यवस्थापनाचा तो डाव चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण त्यामुळे ज्या जागेसाठी भावे रांगेत होते ती जागाच काही काळ सलामीवीराची राहिली नाही. यात कोणाचे कपट नाही आणि भाव्यांची कमतरताही नाही.

म्हणूनच ‘अन्याय’ या शब्दाचा मोहही आवरला पाहिजे. अन्याय झाला असे म्हटले की आपण पुन्हा टोपीलाच अंतिम फळ मानतो आणि त्याच्या खाली जे पिकले ते सारे वाया गेले असे सुचवतो. पद्माकर शिवलकरांनी १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, हरयाणाच्या राजिंदर गोयल यांनी १५७ सामन्यांत ७५०. दोघेही डावखुरे फिरकीपटू आणि दोघांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे. बेदी त्यांच्याहून सरस होते असे मानले तरी या दोघांच्या कामाची किंमत कमी होत नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर शिवलकरांनी तमिळनाडूचे तेरा बळी घेतले, पहिल्या डावात अवघ्या १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच. हा सामना मुंबईने त्यांच्या जोरावर जिंकला. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले तेव्हा त्यात जगभरच्या कसोटीवीरांच्या रांगेत गोयल आणि शिवलकर या दोन कसोटी न खेळलेल्यांना बसवले. गावसकरांना हे कळत होते की, मोठा फलंदाज हवेतून पडत नाही. त्याची परीक्षा आधी कोणीतरी घेतलेली असते. देशांतर्गत क्रिकेटमध्ये एखाद्याने दहा वर्षे टप्पा न सोडता गोलंदाजी केली, तरच त्याच्यापुढे शतक काढलेल्या पोराला आपण ‘तयार’ म्हणू शकतो. चाचणी घेणाराच ढिला असेल तर निवडीलाही अर्थ उरत नाही.

आता व्यक्ती बाजूला ठेवून संघांकडे पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. २०१६-१७ मध्ये गुजरात रणजी विजेता झाला. पुढची दोन वर्षे विदर्भ, मग २०१९-२० मध्ये सौराष्ट्र, २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेश, २०२२-२३ मध्ये पुन्हा सौराष्ट्र, आणि मधले एक वर्ष मुंबईचे सोडले तर २०२४-२५ मध्ये पुन्हा विदर्भ. नकाशा उघडून पाहा : गुजरात, मध्य प्रदेश आणि विदर्भ हे तिन्ही संघ खानदेशाच्या कुंपणाला कुंपण लावून आहेत. ज्या काठियावाडने १९४८ साली निंबाळकरांपुढे मैदान सोडले, त्याच भूमीचा सौराष्ट्र संघ आज दोन करंडक बाळगून आहे. आणि आपला महाराष्ट्र? प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा जिंकल्यावर एकदाही नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोहोचून हरला. या काळात महाराष्ट्राने तारे दिले नाहीत असे नाही. अलीकडचीच नावे घ्यायची तर केदार जाधव आणि ऋतुराज गायकवाड. उलट विदर्भाने २०१७-१८ चा अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्ध जिंकला तेव्हा त्यांचा एकमेव नियमित भारतीय खेळाडू उमेश यादव संघात नव्हता. कर्णधार फैज फजल हा एकच एकदिवसीय सामना खेळलेला. त्या सामन्यात पहिले प्रथम श्रेणी शतक काढणारा यष्टिरक्षक अक्षय वाडकर भारताकडून कधी खेळला नाही, पण २०२४-२५ मध्ये कर्णधार म्हणून करंडक त्यानेच उचलला. तारा असणे आणि खोली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली ‘रणजीपुरत्या’ माणसांनी बनते. विजयाला प्रशिक्षक, सुविधा, पैसा अशी इतर कारणेही असतात हे खरेच, पण ती सगळी ज्याच्यावर खर्ची पडतात तो माणूसही हाच असतो.

खानदेशासाठी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या घरात होती. क्रिकेटच्या कारभारात हे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेखाली येतात. धुळ्याहून इंदूर पुण्यापेक्षा जवळ, नंदुरबारला सुरत त्याहून जवळ, आणि मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापूर लागले की विदर्भाची हद्द सुरू होते. तिथल्या मुलाची वाट नागपूरला जाते आणि अलीकडच्याची पुण्याला. हद्दी कुठेतरी आखाव्याच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दूर असलेल्या भागाकडे राज्य संघटनेने जास्त लक्ष द्यायला हवे, आणि घडते नेमके उलटे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा संघ होते : पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर. खानदेशाच्या नावाचा एकही नव्हता. यात पैसे गुंतवणाऱ्यांचा हिशेब असेल, पण संघमालकाला आकर्षित करील असे ओळखीचे स्थानिक खेळाडूच या भागाकडे नव्हते, हेही कारण नाकारता येणार नाही. ओळखीचे खेळाडू म्हणजे भारताचे नव्हेत; चार-पाच हंगाम महाराष्ट्राकडून सलग खेळलेले.

इथे दुसरा आक्षेप येतो : आयपीएल आल्यापासून हा प्रश्नच मिटला. टोपी नसली तरी पैसा आहे, प्रसिद्धी आहे, मग कसली उपेक्षा? आयपीएलने काही घरांचे दिवस पालटले हे निर्विवाद आहे. पण ती स्पर्धा चार षटकांच्या आणि वीस चेंडूंच्या कौशल्याला भाव देते. दिवसभर एका टोकाने टप्पा धरून ठेवणारा फिरकीपटू किंवा पहिले सत्र काढून देणारा सलामीवीर तिच्या बाजारात बसत नाही. म्हणजे आज धीरज जाधव किंवा सुरेंद्र भावे असते तर त्यांनाही मुख्यतः रणजीच्या मानधनावरच जगावे लागले असते. ते मानधन बरेच सुधारले आहे. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने दिवसाचे दर वाढवले : वीसपर्यंत सामने खेळलेल्याला ४० हजार, चाळीसपर्यंत ५० हजार आणि त्यापुढे ६० हजार, राखीव खेळाडूला निम्मे. सातही साखळी सामने पूर्ण चार दिवस खेळणाऱ्या नवोदिताला त्यातून अकरा लाखांवर मिळतात. वाचायला हे बरे वाटते, पण दोन सामन्यांनंतर संघाबाहेर गेलेल्याचा हिशेब सव्वातीन लाखांच्या आत संपतो आणि बोट मोडले तर त्याहून आधी. भारतीय संघाच्या खेळाडूंशी मंडळ वार्षिक करार करते, रणजीपटूची मात्र दिवसावर मजुरी. करोनामुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धा झालीच नाही, १९३४-३५ मध्ये ती सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हा आधीच्या हंगामाच्या निम्म्या मानधनाची भरपाई ठरली. ही वस्तुस्थिती पाहता पालकाने मुलाला अठराव्या वर्षी ‘आता पुरे, स्पर्धा परीक्षेला बस’ असे सांगणे हा व्यवहारी शहाणपणाच ठरतो. खानदेशात क्रिकेट संपते ते बहुतेक याच वयात. गुणवत्ता तिथेही असते. पुढची दहा वर्षे पोसणारी व्यवस्था नसते.

ही पोकळी पूर्वी नोकरीने भरली होती. रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी जिंकली ती मुख्यतः लहान गावांतून आलेल्या आणि रेल्वेच्या नोकरीत स्थिरावलेल्या खेळाडूंच्या जोरावर. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे आहे, म्हणजे या व्यवस्थेचे एक दार खानदेशातच होते. जळगावात जैन इरिगेशनने क्रीडा अकादमी उभारून खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, हाही त्याच वाटेवरचा प्रयत्न आहे. एका उद्योगाला काय करता येते हे त्यातून दिसते. एकाच उद्योगावर सगळा भार असणे मात्र बरे नाही. सहकारी बँका, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, महापालिका यांच्यापैकी प्रत्येकाने दोन खेळाडू पाच वर्षांसाठी पगारावर घेतले, तर कोणाचेही अंदाजपत्रक कोलमडणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे : लहान मुलांना स्वप्न ताऱ्याचे पडते. ‘चाळीस रणजी सामने खेळ’ असे सांगून कोणी पहाटे उठून नेटवर जाईल का? स्वप्न मोठेच पाहावे, यात वाद नाही. पण स्वप्न पाहणाऱ्या शंभरांचे काय होते, हा प्रश्न संघटनेचा आणि समाजाचा आहे. केळीच्या बागेचा हिशेब कोणी एका मोठ्या घडावरून मांडत नाही. तारा गावातून निघतो तो मुंबई-बंगळुरूला राहायला जातो आणि त्याच्या आयुष्याचा ओघच तसा असतो. रणजीपटू मात्र पुष्कळदा परत येतो आणि प्रशिक्षक, पंच किंवा निवडकर्ता म्हणून खेळातच राहतो. सुरेंद्र भावे राष्ट्रीय निवड समितीत होते आणि २०११ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत त्यांचा हात होता. अमोल मुजुमदारने पदार्पणात २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता. ज्ञान या माणसांमार्फत खाली झिरपते. ज्या जिल्ह्यात असा एकही माणूस मुक्कामाला नाही, तिथली मुले यूट्यूबवर पाहून कव्हर ड्राइव्ह शिकतात आणि पहिल्या स्विंग होणाऱ्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देतात.

मग करायचे काय? पहिले काम बिनखर्चाचे आहे. तिन्ही जिल्हा संघटनांनी आपल्या भागातून महाराष्ट्र, रेल्वे किंवा अन्य राज्यांकडून कोणत्याही वयोगटात खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीची नोंद करून ती जाहीर करावी : नाव, वर्ष, सामने, धावा, बळी. ज्याची नोंद नाही त्याची परंपरा होत नाही. दुसरे, जिल्ह्यातल्या स्पर्धांत दोन आणि तीन दिवसांचे सामने, लेदर चेंडू आणि टर्फ खेळपट्टी यांचे प्रमाण वाढले पाहिजे. टेनिस चेंडूच्या बक्षिसी स्पर्धांत गर्दी होते, पण तिथे शिकलेला आडवा फटका पुण्याच्या निवड चाचणीत कामाला येत नाही. ४५ अंशांचा उन्हाळा आणि पाण्याची टंचाई सांभाळून टर्फ राखणे कठीण आहे. ठिबक सिंचनात नाव कमावलेल्या जळगावाला ते अशक्य म्हणता येणार नाही. तिसरे, राज्य संघटनेने महाराष्ट्राचे रणजी सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानाबाहेर नाशिकला नेले आहेत. तसा एक सामना आलटून पालटून जळगाव किंवा धुळ्याला मिळावा, आणि मैदान त्या दर्जाचे नसेल तर ते करण्यासाठी संघटनेनेच मुदत आणि पैसा ठरवून द्यावा. चौथे, राज्य संघातल्या पंचवीस-तीस खेळाडूंना संघटनेने वर्षभराचा करार द्यावा, म्हणजे दुखापत किंवा दोन वाईट डाव यांनी कोणाची चूल विझणार नाही.

यातले काहीही ताऱ्यांच्या आड येत नाही. उलट ज्या प्रदेशात वीस जण रणजीच्या दर्जाचे आहेत तिथून एकविसावा त्याच्या वर जाण्याची शक्यता जास्त. पण तो गेला नाही तरी ते वीस वाया गेले असे होत नाही, हेच मुख्य. म्हणून खानदेशातल्या वाचकांना आणि संघटकांना एकच सांगणे आहे. यापुढे आपल्या भागातला कोणी महाराष्ट्राच्या संघात निवडला गेला की त्याला ‘भारताकडून कधी?’ हे विचारू नका. त्याचा तिसरा हंगाम, पाचवा हंगाम, पन्नासावा सामना यांची दखल घ्या, तो निवृत्त झाला की त्याला मैदानाची किल्ली आणि मुलांची जबाबदारी द्या. खानदेशाला आज एका कसोटीवीराहून जास्त गरज आहे ती दहा वर्षे टिकणाऱ्या दहा रणजीपटूंची.